विश्लेषण : कृत्य एक, कलमे अनेक, मग शिक्षा नेमकी किती?

‘विविध कलमांखाली दोषी’, ‘सर्व शिक्षा एकत्र भोगायच्या’, ‘दुहेरी फाशी’... न्यायालयाच्या निकालाच्या बातमीत हे शब्द हमखास येतात. ते वाचताना दोन प्रश्न पडतात. आरोपीने कृत्य एकच केले, तर तो चार-पाच गुन्ह्यांत दोषी कसा? आणि चार-पाच गुन्ह्यांत दोषी ठरला, तर शिक्षेची सरळ बेरीज का होत नाही? नागपूरच्या न्यायालयांतील काही गाजलेल्या निकालांच्या आधारे या प्रश्नांची उत्तरे समजून घेता येतात.

नागपूरचा बँक खटला काय सांगतो?

२२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकारी न्यायालयाने नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील रोखे घोटाळ्याचा निकाल दिला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, तिघे निर्दोष सुटले. प्रकरण वीस वर्षांहून जुने. बँकेचा पैसा सरकारी रोख्यांत गुंतवण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांकडे देण्यात आला. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत आणि पैसाही परत आला नाही. घोटाळ्याचा आकडा दीडशे कोटींच्या घरात सांगितला गेला. पैसा होता शेतकऱ्यांचा आणि ठेवीदारांचा.

यात कृत्य कोणते? सामान्य माणूस म्हणेल, ‘बँकेचा पैसा बुडवला’. न्यायालयाने मात्र त्याचे वेगवेगळे पदर तपासले. सोपवलेल्या पैशाबाबत विश्वासघात झाला का? बनावट कागदपत्रे तयार झाली का? ती खरी म्हणून वापरली गेली का? हे सगळे संगनमताने, कट करून झाले का? यातील प्रत्येक प्रश्नासाठी भारतीय दंडविधानात वेगळे कलम होते. म्हणून दोषसिद्धी एका कलमाखाली न राहता अनेक कलमांखाली झाली. तुरुंगवासाचा आकडा मात्र पाच वर्षांचाच राहिला, सोबत साडेबारा लाख रुपये दंड.

या शिक्षेमुळे केदार यांची आमदारकी गेली. दोषसिद्धीविरुद्ध अपील दाखल झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला. अपिलाचा मुद्दा वेगळा. कलमांची यादी लांबली म्हणून शिक्षा त्याच पटीत लांबत नाही, ही गोष्ट मात्र या निकालातून स्पष्ट दिसते. कलमे दोषाचे वर्णन करतात. शिक्षेचा हिशेब वेगळ्या नियमांनी होतो.

एका कृत्यातून अनेक गुन्हे होतात कसे?

कायद्याच्या भाषेत प्रत्येक गुन्ह्याचे काही ‘घटक’ असतात. ते सगळे सिद्ध झाले तरच तो गुन्हा सिद्ध होतो. एकाच कृत्यात दोन गुन्ह्यांचे घटक पूर्ण होत असतील आणि ते घटक एकमेकांपासून वेगळे असतील, तर दोन्ही गुन्हे घडले असे कायदा मानतो.

रोजचे उदाहरण घ्या. समजा, वर्धा रोडवर एकाने बेदरकारपणे गाडी चालवली. एका पादचाऱ्याचा जीव गेला आणि दुसऱ्याचा पाय मोडला. गाडी एक, धडक एक, क्षणही एकच. पण रस्त्यावर बेदरकार वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे हा कलम १०६ खाली, आणि अशाच कृत्यातून गंभीर दुखापत करणे हा कलम १२५ खाली. पहिल्या गुन्ह्यासाठी कोणी मरण्याची गरज नाही. दुसऱ्यासाठी मृत्यू हवाच. तिसऱ्यासाठी गंभीर इजा हवी. घटक वेगळे, म्हणून गुन्हे वेगळे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा कस लागला तो मुंबईतील एका अपघातात. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. खटल्याच्या न्यायालयाने चालकाला निष्काळजीपणाचे तुलनेने सौम्य कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती बदलली. सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षे, गंभीर दुखापतीसाठी एक वर्ष आणि साध्या दुखापतीसाठी सहा महिने, अशा शिक्षा एकत्र भोगायच्या असा आदेश दिला.

बचाव पक्षाचा सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद लक्षवेधी होता. सदोष मनुष्यवधात ‘परिणामाची जाणीव’ लागते, तर दुखापतीच्या कलमात ‘निष्काळजीपणा’ पुरतो. एकाच कृत्यात जाणीवही होती आणि निष्काळजीपणाही होता, असे दोन्ही कसे म्हणता येईल? अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. एकाच बेदरकार कृत्यासाठी दोन्ही आरोप कायद्याने एकत्र नांदू शकतात, असे स्पष्ट केले आणि शिक्षा कायम ठेवली.

नागपूरकरांना याचा संदर्भ ताजा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुल्यावर भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुणांचा जीव गेला. त्या प्रकरणातही आधी निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम लागले आणि पुढे सदोष मनुष्यवधाचे कलम वाढवण्यात आले. कलम बदलले की जामिनापासून शिक्षेपर्यंत सगळे बदलते. म्हणूनच ‘कोणते कलम लागले’ यावर पीडितांचे कुटुंब इतके अडून बसते.

मग ‘एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही’ या हमीचे काय?

ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २० (२) मध्ये आहे. कोणत्याही व्यक्तीवर एकाच गुन्ह्यासाठी एकापेक्षा अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येत नाही. यातला कळीचा शब्द आहे ‘गुन्हा’. संविधान ‘एकाच कृत्यासाठी’ असे म्हणत नाही, ‘एकाच गुन्ह्यासाठी’ असे म्हणते.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच पक्का केला. मुंबई राज्य विरुद्ध एस. एल. आपटे या नावाने तो निकाल ओळखला जातो. विमा कंपनीच्या पैशाच्या व्यवहारातून दोन आरोप उभे राहिले होते. एक दंडविधानाच्या कलम ४०९ खालील विश्वासघाताचा, दुसरा विमा कायद्याच्या कलम १०५ खालील. घटना तीच, पैसाही तोच. पण विश्वासघातासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो, विमा कायद्याच्या त्या कलमासाठी तो लागत नव्हता. दोन गुन्ह्यांचे घटक वेगळे असतील, तर तक्रारींतील हकिगत जवळपास सारखी असली तरी अनुच्छेद २० (२) आड येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. साठ वर्षांहून अधिक काळ हीच कसोटी वापरली जाते.

याच अनुच्छेदाबद्दल आणखी एक गैरसमज आहे. ‘खात्याने दंड केला, आता पोलिसांत गुन्हा कशाला?’ याचे उत्तर १९५३ च्या मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निकालात आहे. जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाजवळचे सोने सीमाशुल्क विभागाने जप्त केले. नंतर परकीय चलन कायद्याखाली खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सीमाशुल्क अधिकारी म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. जप्ती हा ‘खटला आणि शिक्षा’ होत नाही. त्यामुळे दुसरी कारवाई वैध ठरली. सरकारी कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला सोबत चालू शकतात, ते याच तर्कानुसार.

कन्हान किंवा वैनगंगेच्या पात्रातून चोरटी वाळू नेणाऱ्या ट्रकवर महसूल खाते दंड लावते, आणि पोलिस चोरीचा गुन्हाही नोंदवतात. परवान्याविना खनिज उचलणे हा खनिज कायद्याखालील गुन्हा. सरकारच्या ताब्यातील वाळू अप्रामाणिकपणे नेणे ही चोरी. २०१४ मध्ये दिल्लीतील वाळूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन गुन्हे वेगळे असल्याचे सांगितले. खनिज कायदा आहे म्हणून पोलिसांना चोरीचा तपास करता येत नाही, असे नाही.

संविधानाच्या जोडीला फौजदारी प्रक्रियेचा कायदाही संरक्षण देतो, आणि ते काही बाबतीत अधिक व्यापक आहे. जुन्या प्रक्रिया संहितेचे कलम ३००, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७. त्यानुसार निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवरही त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. त्याच घटनाक्रमातील वेगळ्या गुन्ह्यासाठी नंतर खटला भरायचा, तर राज्य सरकारची संमती लागते. पहिल्या खटल्यात हरलेल्या पोलिसांनी कलम बदलून माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभे करू नये, हा त्यामागचा हेतू.

पन्नास फटके, शिक्षा एकच

आता शिक्षेचा हिशेब. भारतीय दंडविधानाच्या कलम ७१ मध्ये १८६० पासून एक उदाहरण आहे. एका माणसाने दुसऱ्याला काठीचे पन्नास फटके मारले. प्रत्येक फटका ही स्वतंत्र इजा आहे. प्रत्येकासाठी एक वर्ष धरले तर पन्नास वर्षांचा तुरुंगवास होईल. कायदा म्हणतो, तसे नाही. संपूर्ण मारहाणीसाठी शिक्षा एकच. पण मारहाण चालू असताना मध्ये पडलेल्या तिसऱ्या माणसाला मुद्दाम फटका मारला, तर तो पहिल्या मारहाणीचा भाग नाही. त्यासाठी दुसरी शिक्षा होऊ शकते.

हेच कलम आता भारतीय न्याय संहितेचे कलम ९ आहे. त्याचा आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. एखादे कृत्य दोन वेगळ्या व्याख्यांत बसत असेल, किंवा अनेक छोटे गुन्हे मिळून एक मोठा गुन्हा होत असेल, तर त्यांपैकी कोणत्याही एका गुन्ह्यासाठी न्यायालय जितकी शिक्षा देऊ शकते त्याहून अधिक कठोर शिक्षा देता येत नाही. थोडक्यात, दोषी अनेक कलमांखाली ठरवता येते. शिक्षेला मात्र कुंपण आहे.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २६ मध्ये दुसरे कुंपण आहे. एकच कृत्य दोन कायद्यांखाली गुन्हा ठरत असेल, तर कोणत्याही कायद्याखाली खटला चालवता येतो, पण ‘त्याच गुन्ह्यासाठी’ दोनदा शिक्षा नाही. इथेही कसोटी घटकांचीच.

विशेष कायदा आणि सामान्य कायदा आमनेसामने आले तर?

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. गुटखा पकडला की अन्नसुरक्षा कायदा लावायचा की दंडविधानही, हा वाद अनेक वर्षे चालला. केवळ अन्नसुरक्षा कायद्याखालीच कारवाई व्हावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सय्यद हसन या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकच कृत्य दोन कायद्यांखाली गुन्हा असू शकते, असे सांगताना आपटे प्रकरणाचाच आधार घेतला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील राम नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८९ कडे बोट दाखवले. हे कलम म्हणते की, इतर कायद्यांशी विसंगती असेल तिथे हाच कायदा वरचढ राहील. त्यामुळे असुरक्षित अन्नासाठी अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ५९ लागू होत असेल, तर भेसळीच्या दंडविधानातील कलम २७२ आणि २७३ खाली सोबत खटला चालवता येणार नाही, असा निर्णय झाला.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की नियम उलगडतो. दोन कायदे सोबत चालू शकतात, हा सामान्य नियम. पण संसदेने विशेष कायद्यालाच वरचढ ठरवले असेल आणि दोन्ही कायदे त्याच दोषासाठी शिक्षा सांगत असतील, तर विशेष कायदा लागू होतो आणि सामान्य कायदा बाजूला सरतो.

‘एकत्र’ आणि ‘एकापाठोपाठ’ यांत किती फरक पडतो?

कैद्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने संपूर्ण निकालपत्रातील सर्वात महत्त्वाची ओळ बहुधा हीच. समजा, तीन कलमांखाली पाच, तीन आणि दोन वर्षे शिक्षा झाली. ‘एकत्र’ भोगायची असेल तर पाच वर्षांत सुटका. ‘एकापाठोपाठ’ असेल तर दहा वर्षे.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ नुसार न्यायालयाने काहीच सांगितले नाही, तर शिक्षा एकापाठोपाठ धरली जात असे. न्यायाधीशाकडून एक ओळ लिहायची राहिली तर कैद्याची काही वर्षे वाढत. पंजाबमधील अपघाताच्या एका खटल्यात असेच झाले. बेदरकार वाहन चालवण्यासाठी सहा महिने आणि मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोन वर्षे शिक्षा झाली, पण ती कशी भोगायची हे दंडाधिकाऱ्यांनी लिहिलेच नाही. वरच्या न्यायालयांतही ते सुटून गेले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश दिला आणि असा स्पष्ट उल्लेख करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्याचे बजावले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ ने हा दोष दूर केला. गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ, हे न्यायालयाने सांगायलाच हवे, अशी तरतूद झाली. एकापाठोपाठ शिक्षांची कमाल मर्यादा १४ वर्षांवरून २० वर्षांवर गेली. त्याशिवाय, एका गुन्ह्यासाठी त्या न्यायालयाला जितकी शिक्षा देण्याचा अधिकार आहे, त्याच्या दुपटीपेक्षा एकूण शिक्षा जास्त असता कामा नये. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यासाठी सात वर्षांपर्यंत तुरुंगवास देता येतो. म्हणजे त्याच्या न्यायालयात बेरीज १४ वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही.

दंडाचा नियम मात्र वेगळा आहे आणि अनेक कुटुंबे इथे फसतात. ‘दंड न भरल्यास आणखी अमुक महिने’ ही शिक्षा एकत्र भोगता येत नाही. शरद कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात कैद्याला ‘मोक्का’च्या तीन कलमांखाली प्रत्येकी पाच लाख रुपये दंड आणि तो न भरल्यास प्रत्येकी तीन वर्षे कारावास सुनावला होता. मूळ शिक्षा एकत्र होत्या, म्हणून दंडाऐवजीचा कारावासही एकत्र धरावा, अशी मागणी झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. दंडाऐवजीची प्रत्येक कैद स्वतंत्रच भोगावी लागते, असे सांगितले. मात्र कैद्याची परिस्थिती पाहून तीन वर्षांची मुदत प्रत्येकी एका वर्षावर आणली.

लोकप्रतिनिधींसाठी तर ‘एकत्र की एकापाठोपाठ’ हा राजकीय भवितव्याचा प्रश्न असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ (३) नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की अपात्रता येते. केरळमधील जयराजन प्रकरणात २००५ मध्ये घटनापीठाने म्हटले की, एकाच खटल्यातील शिक्षा एकापाठोपाठ भोगायच्या असतील तर त्यांची बेरीज धरायची. म्हणजे प्रत्येक शिक्षा दोन वर्षांच्या आत असली तरी बेरीज दोन वर्षांवर गेली की पद गेले. नागपूरच्या बँक खटल्यात शिक्षा पाच वर्षांची होती, त्यामुळे बेरजेचा प्रश्न उद्भवला नाही.

दुहेरी फाशी, तिहेरी जन्मठेप म्हणजे काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये नागपुरात आठ वर्षांच्या शाळकरी मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले आणि त्याचा खून करण्यात आला. शहर हादरून गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने दोन आरोपींना फाशी सुनावली, तीही दोन गुन्ह्यांसाठी: खून आणि खंडणीसाठी अपहरण. वृत्तपत्रांनी ‘दुहेरी फाशी’ असा मथळा दिला. मे २०१६ मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी कायम केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली आणि किमान २५ वर्षे सुटका नाही, अशी अट घातली.

माणसाला दोनदा फाशी देता येत नाही, हे न्यायालयाला ठाऊक असतेच. तरी दोन गुन्ह्यांसाठी दोन शिक्षा लिहिल्या जातात, कारण प्रत्येक दोषसिद्धी स्वतंत्र असते आणि तिला स्वतंत्र शिक्षा लागते.

जन्मठेपेबाबत घटनापीठाने जुलै २०१६ मध्ये मुथुरामलिंगम प्रकरणात नियम स्पष्ट केला. अनेक खुनांसाठी अनेक जन्मठेपा देता येतात, पण त्या एकापाठोपाठ भोगायला सांगता येत नाहीत. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य, आणि आयुष्य एकच. मग दुसऱ्या जन्मठेपेचा उपयोग काय? सरकारने एका जन्मठेपेत माफी दिली, तरी तिचा लाभ दुसऱ्या जन्मठेपेला आपोआप मिळत नाही. ठरावीक वर्षांची शिक्षा मात्र जन्मठेपेच्या आधी भोगायला सांगता येते.

शिक्षा वाढत नसेल तर एवढी कलमे लावायची कशाला?

पहिले कारण व्यावहारिक आहे. अपिलात एखादे कलम टिकले नाही, तरी उरलेल्या कलमांखालील दोष कायम राहू शकतो. विश्वासघात सिद्ध झाला नाही, पण बनावट दस्तऐवज सिद्ध झाला, तर आरोपी सुटत नाही. याची दुसरी बाजूही आहे. दबाव आणण्यासाठी किंवा जामीन अडवण्यासाठी जड कलमे जोडली जातात, अशी तक्रार वकील नेहमी करतात. अशा कलमांची छाननी आरोप निश्चित करतानाच काटेकोरपणे होणे आवश्यक असते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते विदर्भाने फार जवळून पाहिले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद दिली. खुनाचा दोष दोन्ही न्यायालयांत टिकला. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा दोन्ही ठिकाणी सिद्ध मानला गेला नाही. हत्या जातीच्या कारणावरून झाली, हे पुराव्याने सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष निघाला.

खुनासाठी फाशी झाली होती, मग आणखी एका कलमाने काय साधले असते? राज्यभर झालेल्या निषेधाचा रोख नेमका याच प्रश्नावर होता. कलम हे गुन्ह्याचे नाव असते. ‘खून’ एवढेच लिहिले की निकालपत्र सांगते, माणसे मारली गेली. ‘अ‍ॅट्रॉसिटी’ लिहिले की ते सांगते, ती का मारली गेली. शिक्षेची वर्षे तेवढीच राहिली तरी न्यायाची नोंद बदलते.

पुढे या कायद्याची भाषाच बदलली. जुन्या कलम ३ (२) (पाच) मध्ये पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केल्याचे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून, पीडित व्यक्ती त्या समाजाची आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरले. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात हा बदल अधोरेखित केला. घटक बदलला की तेच कृत्य दुसऱ्या गुन्ह्यात बसते की नाही, याचे उत्तरही बदलते.

निकालाची बातमी वाचताना काय पाहावे?

• कलमांची संख्या मोजण्याआधी सर्वात मोठी शिक्षा कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. शिक्षा ‘एकत्र’ असतील तर प्रत्यक्ष कैद तेवढीच.

• ‘एकूण ३० वर्षांची शिक्षा’ असा मथळा असेल, तर ती बेरीज आहे की प्रत्यक्ष भोगायची मुदत, हे आत शोधावे.

• दंड आणि दंडाऐवजीचा कारावास वेगळा लिहून ठेवावा. तो मूळ शिक्षेत मिसळत नाही.

• खटल्यादरम्यान कोठडीत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो. त्याचा उल्लेख निकालपत्रात आहे का ते पाहावे.

• निकालपत्रात ‘एकत्र की एकापाठोपाठ’ हे लिहिलेलेच नसेल, तर वकिलाला लगेच दाखवावे. अपिलात ते दुरुस्त करून घेता येते.

• एखादे कलम सिद्ध झाले नसेल, तर का झाले नाही हे वाचावे. पुढच्या अपिलाची लढाई बहुधा तिथेच असते, आरोपीची आणि पीडिताचीही.